धुके पुसू नये

पावसाळ्यात आंबोलीहून परतलेल्या आपल्या डॉक्टर मित्रांची छायाचित्रे अलीकडे पाहिली की एक गोष्ट खटकते. ऐन आषाढात कावळेसादच्या दरीवर उभे राहिले तर बहुधा समोरचा कठडा तेवढा दिसतो आणि त्यापलीकडे पांढरा पडदा. चित्रात मात्र दरीचा तळ, पलीकडचे कडे, हिरवळ, सारे लख्ख. मग धुके गेले कुठे? ते घरी आल्यावर संगणकावर पुसले गेले. या पुसण्याला माझा विरोध आहे, आणि तो केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

सह्याद्रीतले पावसाळी धुके म्हणजे वस्तुतः जमिनीला टेकलेला ढग. अरबी समुद्रावरून येणारा दमट वारा घाटमाथ्याला अडून वर चढतो, थंड होतो आणि बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. हा थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या तांबड्या पेशीहून थोडासाच मोठा. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने मात्र तो पुष्कळच मोठा असल्याने सर्व रंग सारखेच विखुरतो. म्हणून धुके पांढरे. जितके अंतर अधिक तितका हा पांढरेपणा दाट. त्यामुळे जवळचे झाड काळेभोर, त्यामागचे करडे आणि मागचा डोंगर जेमतेम एक रेघ, अशी अंतराची मोजपट्टीच निसर्ग आखून देतो. स्वच्छ हवेत एकमेकांना चिकटलेल्या डोंगररांगा धुक्यात सुट्या होतात. जे चित्राला खोली देते तेच पुसून मिळवायचे काय?

पुष्कळदा खरा दोष धुक्याचा नसून प्रकाशमापनाचा असतो. कॅमेऱ्यातील मापक समोरचे सारे मध्यम करडे धरून चालतो, आणि शुभ्र धुके मळकट उमटवतो. एखादा स्टॉप प्रकाश वाढवला की ते उजळते. फक्त पांढरा भाग अगदी कोरा होऊ देऊ नये. स्वयंचलित फोकसला धुक्यात पकडायला काही सापडत नाही; तो झाडाच्या खोडावर किंवा कड्याच्या कडेवर हातानेच साधावा. वातानुकूलित गाडीतून कॅमेरा तडक बाहेर काढला तर भिंगावर दव धरते, म्हणून तो काही वेळ बंद पिशवीतच बाहेरच्या हवेत ठेवावा. उरते ती वाट पाहणे. पडदा क्षणभर विरतो, एखादा सुळका डोके काढतो आणि पुन्हा बुडतो. बाह्यरुग्ण विभागाची घाई तिथे उपयोगाची नाही.

यावर कोणी म्हणेल, अन्सेल ॲडम्सही काळोख्या खोलीत छपाईवर कितीतरी मेहनत घेत असे. खरे आहे. योसेमिटीतील वादळ ओसरतानाच्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात काही भाग गडद केले आहेत, काही उजळले आहेत. पण दरीतले ढग त्याने काढून टाकले नाहीत. चित्राचा सारा जीव त्या ढगांत आहे.

धूसरता हटविण्याच्या एका गाजलेल्या पद्धतीवरील शोधनिबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. लाइटरूममध्ये ‘डीहेझ’ची पट्टी २०१५ साली आली. दूरच्या डोंगरावरची उन्हाळी धूसरता थोडी कमी करण्यास माझी हरकत नाही. ते सी. टी.ची विंडो बदलण्यासारखे आहे. जे नोंदले गेले तेच अधिक नीट दिसते. परंतु दाट धुक्यामागून प्रकाशच आलेला नसेल तर पट्टी कितीही ओढली तरी हाती रवाळपणाच येतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तेवढ्यावर थांबत नाहीत. कधीही न दिसलेला कडा ती तिथे रचून देतात. एक्स-रेवर नसलेली सावली रंगवणाऱ्याला आपण काय म्हणू? मग तोच हिशेब डोंगराला का नको? हौस म्हणून घरच्या भिंतीवर हवे ते लावावे. आंबोलीचे छायाचित्र म्हणून ते चारचौघांत मांडताना मात्र डोंगराची नोंद खरी असावी.

तेव्हा आपल्या छायाचित्र प्रदर्शनात धुक्यातील निसर्गचित्रांसाठी वेगळा विभाग ठेवावा आणि प्रत्येक चित्रासोबत मूळ फाइल मागवावी, अशी माझी सूचना आहे. आणखी एक. ओल्या शेवाळावर, दोन पावलांपुढचे न दिसणाऱ्या हवेत, कठडा ओलांडून काढलेले चित्र कितीही देखणे असले तरी परीक्षकांनी ते स्वीकारू नये.