कोबोल आणि आजीची कणगी

शनिवारी मुरबाडला घरी होतो. भात कणगीत भरून झालं होतं, आणि त्यात हात घालायचा हक्क फक्त आजीचा! हवं तर तिच्याकडे मागा.

कोबोलमध्येही मला हेच हवं असतं. २००२ च्या स्टँडर्डमध्ये क्लास आले खरे, पण ते वापरणारा मला अजून भेटलेला नाही. अडत नाही. खात्याच्या रेकॉर्डला एकाच सबप्रोग्रामने हात लावावा, बाकीच्यांनी त्याला 'कॉल' करावं. आमच्याकडे कॉपीबुकात एक फील्ड वाढलं आणि चाळीस प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावे लागले. (एक राहिला, तोच रात्री बोंबलला.)

शहापूरचा जावावाला मित्र म्हणतो, इनहेरिटन्सशिवाय कसलं ऑब्जेक्ट ओरिएंटेड? नसू दे. माझा रेकॉर्ड तरी चाळीस जण उचकत नाहीत.