विश्लेषण : लष्करात ‘चार तारे’ किती जणांना? आणि हा आकडा ठरवतो कोण?

अमेरिकेत जनरलची कमाल संख्या कायद्यात लिहिलेली असते. आपल्याकडे ती सरकारी मंजुरीने ठरते. थिएटर कमांडची चर्चा सुरू असताना हा फरक समजून घ्यायला हवा.

नवी मुंबईकरांना गणवेश अनोळखी नाही. खाडीपलीकडे मुंबईत नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आहे, इकडे उरणजवळ करंजा येथे नौदलाचा तळ आहे. एखाद्या सोसायटीच्या नामफलकावर ‘कर्नल (निवृत्त)’ असे दिसले तर कुणी थबकत नाही. पण कर्नलच्या वर किती पायऱ्या आहेत आणि शेवटच्या पायरीवर किती जणांना जागा आहे, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही.

सर्वोच्च पदे कोणती?

लष्करात ब्रिगेडियर हा एक ताऱ्याचा अधिकारी. मेजर जनरल दोन, लेफ्टनंट जनरल तीन आणि जनरल चार ताऱ्यांचा. नौदलात अ‍ॅडमिरल आणि हवाई दलात एअर चीफ मार्शल ही चार ताऱ्यांची पदे. आपल्याकडे अशी पदे चारच आहेत : तिन्ही दलांचे प्रमुख आणि डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर झालेले संरक्षण दलप्रमुख (सीडीएस). पाच तारे हा सन्मान. तो सॅम माणेकशा (१९७३), के. एम. करिअप्पा (१९८६) आणि हवाई दलाचे अर्जन सिंग (२००२) या तिघांनाच मिळाला.

या शिखरावर मराठी नावेही आहेत. जनरल अरुणकुमार वैद्य आणि जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले. अ‍ॅडमिरल जयंत नाडकर्णी नौदलाचे, तर एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक आणि विवेक राम चौधरी हवाई दलाचे प्रमुख होते.

वर जाणारी वाट इतकी अरुंद का?

रचनाच पिरॅमिडसारखी आहे. कर्नल साधारणपणे ५४ व्या वर्षी निवृत्त होतो, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८ आणि लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी. दलप्रमुखाला तीन वर्षे किंवा वयाची ६२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. नरवणे आणि त्यांच्या काळातले नौदल व हवाई दलप्रमुख हे तिघेही खडकवासल्याच्या एनडीएच्या ५६ व्या तुकडीतले. असा योग दुर्मीळच. बाकीच्यांना जागेअभावी खालच्या पायरीवरच थांबावे लागते.

मग जागा वाढवल्या तर? २००१ मध्ये नेमलेल्या अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशींनुसार कर्नल आणि त्यावरील पदे वाढवण्यात आली. पण वाढीव जागांच्या वाटपावरून वाद पेटला. पायदळ व तोफखान्याला जास्त वाटा मिळाला म्हणून इतर शाखांचे अधिकारी न्यायाधिकरणात गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे धोरण कायम ठेवले, मात्र कर्नलची १४१ अतिरिक्त पदे निर्माण करायला सांगितले.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित व्हावा, असे तिथेच लिहिले आहे. मात्र जनरल किती असावेत, याचा आकडा १९५० च्या लष्कर कायद्यात नाही. पदे सरकार मंजूर करते. सीडीएससाठी निवृत्त लेफ्टनंट जनरलही पात्र ठरेल, हा बदल जून २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती करणाऱ्या अधिसूचनेने झाला.

अमेरिकेत कसे आहे?

तिथे १९४४ मध्ये पंचतारांकित पद निर्माण करतानाच लष्करात चार आणि नौदलात चार, अशी मर्यादा कायद्यात घातली गेली. आजही दलनिहाय जनरल-अ‍ॅडमिरलांची कमाल संख्या काँग्रेस ठरवते. युद्धात किंवा राष्ट्रीय आणीबाणीत ती स्थगित करण्याची मुभा अध्यक्षांना आहे. ही मर्यादा कमाल असल्याने सरकार त्याखाली जाऊ शकते. मे २०२५ मध्ये तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी चार ताऱ्यांची पदे किमान २० टक्के कमी करण्याचा आदेश दिला.

आपण काय करावे?

तिन्ही दलांना एकत्र आणणाऱ्या थिएटर कमांडच्या प्रमुखांना तीन तारे द्यावेत की चार, यावर बराच खल झाला आहे. चार दिले तर शिखरावरची संख्या एकदम वाढेल. मग दलप्रमुख आणि कमांडप्रमुख यांत अंतिम शब्द कुणाचा, हा प्रश्न उभा राहील. वरची जागा वाढली की तिच्याखालची कार्यालये, कर्मचारी आणि निवृत्तिवेतनाचा भारही वाढतो.

गोपनीयतेचा मुद्दा पुढे केला जाईल. पण कुणाला कुठे नेमले हे कुणी विचारत नाही, फक्त पदे किती हे विचारले जात आहे. युद्धकाळाची सवलत कायद्यातच ठेवता येते. माणसे सरकारने निवडावीत, पण तीन आणि चार ताऱ्यांच्या पदांची कमाल संख्या संसदेने चर्चा करून कायद्यात लिहावी. एनडीएच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाला आणि कर भरणाऱ्या त्याच्या पालकांना तेवढे कळण्याचा हक्क आहे.