विश्लेषण : मोटारीची मूळ सीट बदलणे धोक्याचे का ठरू शकते?

नवी मोटार घेतली की अनेकांचा पहिला फेरा ॲक्सेसरीजच्या दुकानाकडे होतो. सीट कव्हरपासून सुरू झालेली चर्चा कधी कधी अख्खी सीटच बदलण्यापर्यंत जाते. कुणाला कंबरदुखीवर उपाय हवा असतो, कुणाला सात आसनी गाडीत ऐसपैस ‘कॅप्टन सीट’ हव्या असतात. हौस किंवा गरज समजण्यासारखी आहे. पण सीट म्हणजे केवळ गादी नव्हे.

सीटमध्ये नेमके काय असते?

अनेक मोटारींत साइड एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या बाजूला बसवलेली असते. धडक बसताच सेकंदाच्या अत्यल्प भागात ती शिवण फाडून बाहेर येते. ती शिवण त्यासाठीच कच्ची ठेवलेली असते. बहुतेक गाड्यांत सीटबेल्टचे बक्कल सीटच्या सांगाड्याला जोडलेले असते. काही गाड्यांत प्रवासी बसला आहे की नाही, हे ओळखणारा सेन्सर गादीखाली असतो. धडकेत शरीर बेल्टखालून पुढे घसरू नये, मागून ठोकर बसल्यास मानेला झटका बसू नये, याचा विचार गादीचा उतार आणि हेडरेस्ट ठरवतानाच केलेला असतो.

बाहेरची सीट बसवल्यावर काय बिघडते?

साइड एअरबॅग नसलेली सीट आली की ते संरक्षण गेले. वायर सोडल्याने डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. तो बंद करण्यासाठी ‘जुगाड’ केला, तर बिघाड तसाच राहतो, इशारा मात्र जातो. काही गाड्यांत असा दोष नोंदला गेल्यावर इतर एअरबॅगही निकामी होऊ शकतात. सांगाडा किंवा बोल्ट कमकुवत असेल, तर धडकेत सीटच उखडण्याची भीती असते. शोरूमसारखी दिसणारी सीट त्या मॉडेलच्या क्रॅश चाचणीत तपासलेली असतेच असे नाही.

कायदा काय सांगतो?

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. आसनसंख्या त्या प्रमाणपत्रात असते. त्यामुळे साताच्या सहा सीट केल्या, तर प्रश्न थेट कायद्याचा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी दाव्याबाबत वाद घालू शकते.

मग पर्याय कोणते?

कंबरदुखीसाठी आधी सीटची उंची, अंतर आणि पाठीचा कोन नीट जुळवून पाहावा. कव्हर घालायचे तर एअरबॅगची बाजू मोकळी ठेवणारे, त्याच मॉडेलसाठी बनवलेले घ्यावे. सीट बदलणे अटळच असेल, तर उत्पादकाची मूळ सीट अधिकृत सेवा केंद्रातच बसवावी. वरच्या व्हेरिअंटची सीटही खालच्या व्हेरिअंटच्या वायरिंगशी जुळेलच असे नाही, हे तिथे आधी विचारून घ्यावे.

जबाबदारी कुणाची?

आसने मोजता येतात, म्हणून ती कागदावर दिसतात. सीटमधली एअरबॅग नोंदणी प्रमाणपत्रावर दिसत नाही. सहाला सहा सीट बदलून एअरबॅग गायब झाली, तरी कागद जसाच्या तसा राहतो. ही उणीव भरून काढायला हवी. कोणत्या मॉडेलला ही सीट चालते, एअरबॅग व सेन्सरचे काय केले, हे बिलावर लिहून देणे विक्रेत्याला बंधनकारक असावे. जुनी गाडी विकताना ही माहिती पुढच्या मालकालाही मिळायला हवी. सीट बदलणाऱ्याने निदान स्वतःच्या मर्जीने जोखीम घेतलेली असते. ती गाडी नंतर विकत घेणाऱ्याला मात्र तिचा पत्ताही नसतो.