'लढाई पाहिली नाही' म्हणजे काय?

ब्रिटिश आरमाराच्या 'लाइटनिंग' या पाणतीर-नौकेविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दोन वाक्यांत आटोपते. ती पहिली होती, हे एक वाक्य. तिने लढाई कधी पाहिली नाही, हे दुसरे. या दोहोंच्या मधल्या जवळजवळ वीस वर्षांत काय घडले, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. आमची तक्रार त्या मधल्या जागेविषयी आहे. साहित्याच्या अध्यापकांनी ती का करावी, असे कोणी विचारील. चरित्र कशाला म्हणावे हा प्रश्न आमच्याही शास्त्राचा आहे, एवढे उत्तर पुरेसे व्हावे.

प्रथम तपशील पाहू. टेम्स नदीकाठी चिझिक येथे जॉन थॉर्निक्रॉफ्ट यांच्या गोदीत १८७६ साली ही नौका बांधली गेली. लांबी सुमारे साडेसव्वीस मीटर, वजन साडेबत्तीस टन, वेग ताशी साडेअठरा सागरी मैल, माणसे पंधरा. रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने एड्रियाटिक किनाऱ्यावरील फ्यूमे येथे १८६६ मध्ये सिद्ध केलेला, दाबलेल्या हवेच्या बळावर पाण्याखालून आपोआप धावणारा पाणतीर हे तिचे शस्त्र. ब्रिटिश आरमाराने त्याचे हक्क १८७१ मध्ये घेतले होते. मात्र हे शस्त्र बाळगावे कसे आणि सोडावे कोठून, हे अनुभवानेच ठरायचे होते. 'लाइटनिंग' पोर्टस्मथच्या 'व्हर्नन' या पाणतीर-विद्यालयाच्या दिमतीस देण्यात आली. चाचण्या आणि प्रयोग हेच तिचे काम. पुढे तिचे नाव जाऊन 'पाणतीर-नौका क्रमांक १' एवढीच ओळख उरली, आणि १८९६ मध्ये ती मोडीत निघाली.

आता तिच्या पहिलेपणाविषयी. थॉर्निक्रॉफ्ट यांनीच नॉर्वेच्या आरमारासाठी १८७३ साली 'राप' नावाची पाणतीर-नौका बांधून दिली होती. मग 'लाइटनिंग' पहिली कशी? तर स्वयंचलित पाणतीर बाळगणारी, समुद्रात जाण्याजोगी अशी पहिली. एकेक विशेषण वाढवीत गेल्यास कोणतीही वस्तू पहिली ठरविता येते. 'आद्य कादंबरी कोणती' या वादात आमच्या विषयातील मंडळींनी जी शक्ती खर्ची घातली, तिची येथे आठवण होते. आद्यत्वाचा किताब दिला की कृती वाचण्याची जबाबदारी संपते, हा त्यातला खरा धोका आहे.

दुसऱ्या वाक्याचा दोष याहून मोठा आहे. २९ मे १८७७ रोजी पेरूच्या इलो बंदरासमोर 'शाह' या ब्रिटिश युद्धनौकेने 'हुआस्कर' या चिलखती जहाजावर पाणतीर सोडला. 'हुआस्कर' निसटले, पाणतीर वाया गेला. तरीही प्रत्यक्ष झुंजीत सोडलेला पहिला स्वयंचलित पाणतीर म्हणून या चुकलेल्या नेमाला इतिहासात मानाचे पान आहे. 'लाइटनिंग'वर प्रारंभी दोन्ही बाजूंना चौकटी होत्या, त्यांतून पाणतीर पाण्यात उतरवून सोडीत. १८७९ मध्ये त्या काढून नौकेच्या पुढच्या टोकाला एक नळी बसविली गेली. आमच्या मते तिच्या चरित्रातील मोठी घटना ही आहे. ती कोणत्याही रणभूमीवर घडली नाही, म्हणून तिला घटना म्हणायचे नाही काय?

त्या वीस वर्षांत बाहेरचे जगही स्वस्थ नव्हते. जानेवारी १८७८ मध्ये बाटुम येथे रशियाच्या वाफेवर चालणाऱ्या लहान होड्यांनी पाणतीर सोडून 'इंतिबाह' हे तुर्की जहाज बुडविले. चिमुकली होडी अवाढव्य जहाजाला भारी पडू शकते, हे दिसताच जहाजांभोवती पोलादी जाळ्या आल्या, शोधदीप आले, जलद मारा करणाऱ्या तोफा आल्या. १८९३ मध्ये पाणतीर-नौकांचा पाठलाग करण्यासाठी बांधलेली 'हॅवॉक' ही विनाशिका आली. शस्त्र आणि त्यावरचा उतारा अशी दोन्ही पर्वे 'लाइटनिंग'च्या सेवाकाळात सामावलेली आहेत. चरित्राला आणखी कोणता पट हवा?

यावर दोन आक्षेप येतील. शाळेतील सरावाला पराक्रमाचा दर्जा कसा द्यावा, हा पहिला. तो द्यावा असे आम्ही म्हणतच नाही. पराक्रम ही वीरकाव्यातून उसनी घेतलेली मोजपट्टी आहे, आणि चाचणीच्या कामाला ती लावू नये एवढेच आमचे म्हणणे. दुसरा आक्षेप सहृदय वाचकाचा. ज्या नौकेने कोणाचा जीव घेतला नाही ती निरुपद्रवी राहिली, हेच बरे नव्हे काय? येथेही आम्ही सहमत नाही. 'व्हर्नन'मध्ये जे शिकविले गेले ते माणसे बुडविण्याचे ज्ञान होते. विसाव्या शतकातील दोन महायुद्धांत पाणतीरांनी किती जीव घेतले, हे आपण जाणतो. लढली नाही म्हणून हिणविणारा आणि लढली नाही म्हणून निर्दोष ठरविणारा, दोघेही केवळ शस्त्र सुटण्याचा क्षण पाहतात. जेथे ते शस्त्र घडते आणि शिकविले जाते, ती जागा दोघांच्याही नजरेतून सुटते.

आम्ही वर्गात चरित्र शिकवितो तेव्हा विद्यार्थी सवयीने 'कळसाचा प्रसंग' शोधतात. ती सवय आम्हीच त्यांना लावली आहे, हा दोष आम्ही पत्करतो. आमच्या स्वतःच्या सेवापुस्तकांतही नेमणुका, रजा आणि वेतनवाढी यांपलीकडे काही नाही. तेवढ्यावरून कोणी आमचा हिशेब मिटविला, तर आम्हांला ते मान्य होणार नाही. म्हणून या नौकेविषयी लिहिणाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. पहिले आणि शेवटचे वाक्य खुशाल ठेवा, पण मधली वर्षेही लिहा.