सायकलपटूची ताकद वाढवायची आहे? आधी प्रशिक्षक, मग पावडर आणि सायकल

साखरखेर्डा, मेहकर, सिंदखेडराजा या भागातली मुलं आता सायकल शर्यतीत उतरू लागली आहेत. मुलं विचारतात, "डॉक्टर, कोणती पावडर घेऊ?" पालक विचारतात, सायकल किती हजारांची घ्यावी? माझं मत स्पष्ट आहे. पैसे थोडेच असतील तर ते आधी प्रशिक्षकावर खर्च करा.

पायडल मारताना दर सेकंदाला जेवढं काम होतं, ती तुमची पॉवर. ती वॅटमध्ये मोजतात. २० मिनिटं जीव तोडून सायकल चालवायची, सरासरी वॅटचे ९५ टक्के काढायचे. साधारण तासभर टिकणारी ताकद तेवढी असते. सरासरी २१० आली तर ही ताकद सुमारे २०० वॅट. वजन ६० किलो असेल तर किलोमागे ३.३ वॅट, आणि चढावर हाच आकडा महत्त्वाचा. सपाट रस्त्यावर खरा शत्रू हवा. वेग फक्त १० टक्के वाढवायचा तर हवा कापायला सुमारे ३३ टक्के जास्त ताकद लागते. म्हणून जाणता प्रशिक्षक आधी सीटची उंची आणि बसण्याची ढब सुधारतो. याला खर्च काहीच नाही.

आपल्याकडची मुलं रोज दमेपर्यंत सायकल हाणतात. इथेच गाडी अडते. व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं, स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात. पण हे बदल पक्के होतात विश्रांतीत. म्हणून आठवड्यातले बरेच दिवस बोलता येईल इतक्या सावकाश चालवायचं. दोनच दिवस कसून: चार मिनिटं जोरात, चार मिनिटं हळू, असं चार-पाच वेळा. उत्साही पोराला सावकाश चालवायला लावणं हे प्रशिक्षकाचं सगळ्यात अवघड काम!

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने, तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. आपण त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतो, ते योग्यच. पण एवढं अंतर नुसत्या जिद्दीने सरत नाही. कुठे किती ताकद खर्चायची याचा हिशेब लागतो.

गावात प्रशिक्षक नसेल तर फोनवरून मार्गदर्शन घेता येतं. पॉवर मीटर महाग आहे. तोवर एकच चढ आणि हातातलं घड्याळ पुरे. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून वहीत लिहा. ती सलग काही दिवस नेहमीपेक्षा जास्त येत असेल, झोप नीट लागत नसेल, तर सराव कमी करा.

पावडरीआधी हिमोग्लोबिन तपासा, मुलींचं तर नक्कीच. रक्त कमी असेल तर कितीही सराव करा, वॅट वाढणार नाहीत. सायकल चालवताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात तर सराव थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि इंजेक्शन किंवा गोळ्या सुचवणारा प्रशिक्षक भेटला, तर त्याला लगेच सोडा.