तीनशे सेकंदांचा डाव

रात्री दुकानाचा हिशेब मिटला की सांगलीतील एक कापडव्यापारी चष्मा पुसतात, मोबाइल उशीला टेकवून उभा करतात आणि पाच मिनिटांचा डाव लावतात. वय ५३. प्रतिस्पर्धी कधी ब्राझीलचा, कधी इंडोनेशियाचा. नाव टोपणनाव, वय अज्ञात. सांगली हे बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे येथील अनेक घरांत पट उपजतच असावा तसा असतो. या घरातही आहे. मात्र त्यावर आता वर्तमानपत्रे साठतात.

या गृहस्थांचा खेळ आक्रमक. पांढरी मोहरी मिळाली की राजापुढचे प्यादे दोन घरे, मग घोडा, मग उंट, आणि चौथ्या खेळीला तोच घोडा पुढे घुसवून काळ्या राजाशेजारच्या दुबळ्या प्याद्यावर नेम. बेसावध प्रतिस्पर्धी मधले प्यादे घोड्याने परत मारतो. त्याबरोबर पांढरा घोडा आत्मार्पण करतो आणि काळा राजा उघड्या मैदानात येतो. या हल्ल्याचे प्रचलित इंग्रजी नाव तळलेल्या यकृतावरून पडले आहे. ते या घरात उच्चारता येत नाही, म्हणून त्याला नुसते ‘घोड्याची उडी’ म्हणतात.

या उडीने त्यांचे रेटिंग १३०० च्या पुढे नेले आणि तेथेच ते अडले. त्या पातळीवरील खेळाडूंना उतारा ठाऊक असतो: प्यादे मारायचेच नाही, घोडा पटाच्या कडेला नेऊन उंटावर रोखायचा. एक प्यादे जाते, पण काळ्याची सारी मोहरी झपाट्याने बाहेर पडतात. गृहस्थ मग विचारात पडत आणि घड्याळ पळत राही.

हार झाली की लगेच दुसरा डाव, तो हरला की तिसरा. हाच या छंदाचा खरा धोका. एका रात्री एक वाजेपर्यंत दीडशे गुण गेले. सकाळी दुकानात गिऱ्हाइकावर आवाज चढला. पत्नीने पटाविषयी अवाक्षर काढले नाही, फक्त रात्रीचा दिवा कधी मालवला तेवढे विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता आले नाही.

त्याच आठवड्यात दहावीतल्या मुलीने त्यांचे हरलेले डाव उघडून पाहिले. “पप्पा, यातले निम्म्याहून जास्त डाव तुम्ही वेळेवर हरलाय. तीन डावांत तर तुमचा हत्ती जास्त होता.”

हिशेब व्यापाऱ्याला कळण्यासारखा होता. तीनशे सेकंदांत चाळीस खेळ्या करायच्या, तर एका खेळीला साडेसात सेकंद येतात. एका खेळीवर पन्नास सेकंद घालवणे म्हणजे जवळजवळ सात खेळ्यांचा वेळ एकीवरच खर्चणे. मुलीनेच तोड सुचवली: तीन मिनिटे, आणि प्रत्येक खेळीला दोन सेकंदांची भर. ही भर देणाऱ्या घड्याळाचे पेटंट बॉबी फिशरने १९८९ मध्ये मिळवले आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ते वापरलेही. चाळीस खेळ्यांना मिळतात एकूण २६० सेकंद, म्हणजे जुन्यापेक्षा कमीच. पण जिंकलेला डाव केवळ काटा संपला म्हणून हातचा जात नाही. शिवाय तिने एक अट घातली. सलग दोन हारी झाल्या की मोबाइल तिच्याकडे.

तरीही डावाच्या शेवटी हात अडखळतच. दोन सेकंदांत विचार होत नाही. तेथे पाठांतरच लागते. ते घरातच होते, फक्त कोणी मागितले नव्हते. अप्पा, वय ८४, पडद्यावरच्या खेळाला खेळ मानत नाहीत. त्यांनी लहानपणी देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळलेले, ज्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. अंत्य डाव मात्र त्यांना मुखोद्गत. वर्तमानपत्रे बाजूला झाली, पट मांडला गेला. दोन राजे, एक पांढरे प्यादे.

“राजा पुढे, प्यादे मागे,” अप्पांनी थरथरत्या बोटाने दाखवले. “आपला राजा सहाव्या ओळीत प्याद्याच्या पुढे उभा असला, की खेळी कुणाचीही असू दे, वजीर होतोच. कडेचं प्यादं सोडून.”

महिनाभर रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे हेच चालले. सुनेने चहा आणून ठेवावा आणि तो निवून जावा. आता उडीचा हट्ट सुटला आहे. उंटामागोमाग सावकाश प्यादी सरकवून राजा आधी सुरक्षित केला जातो. डाव लांबतात, जय कमी नाट्यमय झाले आहेत. रेटिंग १४६० वर आहे. दिवा साडेदहाला मालवतो, बहुतेक वेळा.

परवा मात्र एक प्यादे जास्त असूनही डाव बरोबरीत सुटला. अप्पा झोपले नव्हते.

“राजा कुठे होता?”

“प्याद्याच्या मागे, अप्पा.”

“मग बरोबरीच व्हायची,” म्हणत अप्पांनी कूस बदलली.