हाडाची धूळ कोणाच्या छातीत?

शिसवी पेटीवर बसवलेली पांढरी नक्षी हस्तिदंतासारखी दिसते, पण बहुतेक वेळा ते म्हशीचे हाड असते. हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे आणि ती योग्यच आहे. घरात जुना तुकडा सापडला तरी त्याचा धंदा करता येत नाही. त्याची जागा हाडाने घेतली. उत्तर प्रदेशातील संभलची शिंग-हाडाची कारागिरी सरकारच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत आहे. कलेचे कौतुक झाले. कारागिराच्या फुप्फुसांचे काय?

हाड कापताना, घासताना बारीक धूळ उडते. डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल जातात. खोकला, दम लागणे तिथून सुरू होते. सोबत लाकडाची धूळ असते, आणि तिच्यामुळे नाकाचा कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेले आहे. रोगट जनावराच्या कच्च्या हाडात काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जंतू वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून कुठून आले ते माहीत नसलेले, मांस चिकटलेले हाड घेऊ नका.

तोंडाला रुमाल पुरत नाही. घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. हाताने घासताना हाड ओले ठेवा. यंत्राजवळ धूळ ओढून घेणारी सोय हवी. फिरत्या यंत्रावर हातमोजे, ओढणी नको. हाड पांढरे करण्याच्या पेरॉक्साइडसाठी मात्र रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे बदलूनच लेकरांना जवळ घ्या. धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नका.

पण सगळी जबाबदारी कारागिरावर टाकणे मला मान्य नाही. नगावर मजुरी घेणारा मास्कचा खर्च कुठून करणार? तो माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने, निर्यातदाराने द्यावा. जनावरांचे अवयव हाताळताना होणारा संसर्ग भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग मानला आहे. पण घरी काम करणाऱ्याचा मालक कागदावर असतो कुठे?

चूक आमचीही आहे. नर्स असताना केसपेपरवर व्यवसायापुढे मी ‘मजुरी’ लिहून मोकळी होत असे. कसली मजुरी, हे विचारलेच नाही. मेलेल्या जनावराचे काम हलके ठरवणाऱ्या समाजाने ते करणाऱ्याचा आजारही हलकाच मानला. म्हणून दवाखान्यात गेल्यावर तुम्हीच ठणकावून सांगा: “मी हाड घासतो. तसे लिहा.”